डिस्क तिसऱ्यांदा बदलण्याआधी

प्रश्न: माझी २०१२ ची डिझेल पिकअप आहे, २ लाख ८० हजार किलोमीटर झाले. टोमॅटोच्या हंगामात आठवड्याला तीन-चार खेपा पिंपळगाव बसवंतहून वाशीला होतात. सत्तरच्या पुढे ब्रेक दाबला की स्टिअरिंग असं थरथरतं की मनगटातलं घड्याळ खुळखुळतं. ब्रेक सोडला की गप्प. सव्वा वर्षात पुढच्या दोन्ही डिस्क दोनदा बदलल्या. नवीन टाकल्या की दोन-अडीच महिने गाडी लोण्यासारखी चालते, मग पुन्हा तेच. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग तीनदा झालं. आता तिसरे मिस्त्री म्हणतात स्टिअरिंग बॉक्सच बदला, वीसेक हजार लागतील. माल बेताचाच भरतो, ७०-७५ क्रेट. दोन वर्षांपूर्वी स्प्रिंगला मागे एकेक पाटा वाढवून घेतला, त्यामुळे गाडी बसत नाही. कसारा घाट उतरल्यावर चहाला थांबतो तेव्हा चाकांवर पाणी मारून गार करतो. एवढं जपूनही असं का? डिस्क लोकल मिळतात का? की गाडीच विकून टाकू?
— एक शेतकरी, ता. निफाड

उत्तर: भाऊ, स्टिअरिंग बॉक्स बदलू नका. ते वीस हजार तूर्त खिशातच राहू द्या.

बॉक्स निर्दोष असल्याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. दोष बॉक्सचा असता तर नवीन डिस्क पडल्यावर गाडी लोण्यासारखी चालली नसती. डिस्क बदलली आणि थरथर गेली, म्हणजे थरथर डिस्कमधूनच येते. अडीच महिन्यांनी ती परत आली, म्हणजे डिस्क आली तेव्हा चांगली होती आणि तुमच्या गाडीवर बसून बिघडली. तेही दोनदा, जवळपास तेवढ्याच मुदतीत. लोकल माल हलका असेलही, पण दोन वेगवेगळ्या जोड्या एकाच ठरावीक वेळी आजारी पडल्या की मी डिस्कला दोष देत नाही. ती ज्या जागेवर बसते ती जागा बघतो, आणि तिच्यावर काम किती पडतं ते बघतो. तुमच्या गाडीत मला या दोन्हींचा संशय आहे, आणि दुसऱ्याचा जास्त. तो कुठून आला ते पुढे सांगतो.

आधी एक खात्री करून घ्या. रिकामा, सरळ रस्ता आणि मागे कुणी नाही असं बघून सत्तरला हलका ब्रेक लावा. थरथर हातात येते की बुडाखाली? स्टिअरिंगमध्ये आली तर पुढची चाकं. सीट आणि हौदा थरथरला आणि स्टिअरिंग मात्र शांत राहिलं, तर मागचे ब्रेक-ड्रम गोलाई सोडून बसलेत. दुसरी परीक्षा हँडब्रेकची. चाळिशीच्या स्पीडला, बटण दाबून धरून, हँडब्रेक हळूहळू ओढायचा. तो फक्त मागच्या चाकांवर काम करतो, म्हणून त्यात थरथर आली तर ती मागचीच. बटण सोडायचं नाही आणि झटक्यानं ओढायचं नाही, नाहीतर चाकं जाम होऊन मागची बाजू फिरेल. ओल्या रस्त्यावर हा प्रयोग अजिबात नको. तुमच्या वर्णनावरून हे पुढचंच दुखणं आहे. ब्रेक न लावताही ऐंशीला स्टिअरिंग हलत असतं तर मी टायर आणि बॅलन्सिंगकडे वळलो असतो. तसं नाही, त्यामुळे ते तीन वेळचं बॅलन्सिंग वाया गेलं असं समजा.

आता डिस्कबद्दल. गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येतं, 'डिस्क बेंड झालीय'. जाड बिडाची डिस्क पापडासारखी वाकत नाही. बहुतेक वेळा होतं ते वेगळंच: डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. एका जागी ती इतर ठिकाणांपेक्षा किंचित पातळ होते. किंचित म्हणजे किती, तर ०.०२ मिलिमीटर. आपल्या डोक्याचा केस याच्या तिप्पट-चौपट जाड असतो. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही, पण पायाला आणि स्टिअरिंगला लागतं. पॅड डिस्कला घट्ट धरून असताना जाड भाग आला की पकड वाढते, पातळ आला की सुटते. तुमच्या टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर धरला तर साठच्या स्पीडला चाक सेकंदाला सातेक वेळा फिरतं. म्हणजे सेकंदाला सात वेळा ब्रेक धरतो आणि सोडतो, डाव्या चाकाचा ताल वेगळा, उजव्याचा वेगळा. ती ओढाताण चाकाला स्टिअरिंगशी जोडणाऱ्या टाय रॉडमधून चढून तुमच्या घड्याळापर्यंत येते.

नव्या डिस्कची जाडी सारखी असते. मग ती एका जागी पातळ कशी होते? ब्रेक लावल्यावर होते असं आपण समजतो. खरं तर ती जास्त झिजते ब्रेक न लावता. डिस्क हबवर (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो मधला फिरता भाग) जराशी तिरकी बसली तर फिरताना तिचा एक भाग दर फेरीला बाहेर येतो आणि पॅडला चाटून जातो. पाय पेडलवर नसतानाही. पिंपळगाव ते वाशी दोनशे किलोमीटर धरले तर एका फेरीत चाक नव्वद हजार वेळा फिरतं. नव्वद हजार वेळा तोच एक ठिपका पॅडला घासून जातो. अडीच महिने पुरे होतात की नाही, तुम्हीच सांगा.

ती तिरकी का बसते, ते बघायला डिस्क बदलतानाच उभं राहावं लागतं. जुनी डिस्क हातोड्यानं ठोकून निघते. हबच्या तोंडावर गंजाचा खरपुडा धरलेला असतो, विशेषतः स्टडच्या (चाकाचे नट ज्यावर चढतात त्या बोल्टच्या) मुळाशी गोल कडी करून. मिस्त्री फडकं मारतो, हवा मारतो, नवी डिस्क कागदातून काढून चढवतो. तो खरपुडा आता हब आणि डिस्कच्या मध्ये अडकला. हबच्या तोंडाशी ०.०५ मिलिमीटरचा कण राहिला, तर डिस्कच्या कडेला त्याचा जवळपास दुप्पट हेलकावा होतो, कारण कड मध्यापासून दुप्पट लांब आहे. लेथवाले ज्याला दोन थाऊ, म्हणजे इंचाचे दोन हजारांश, म्हणतात तेवढाच कण, पण त्यानं नवीन डिस्कच्या पहिल्याच दिवशी अडीच महिन्यांनंतरची तारीख लिहून ठेवली.

म्हणून तिसऱ्यांदा डिस्क आणण्याआधी डायल गेज (बारीक फरक सुईवर दाखवणारं घड्याळासारखं मापक) लावणारा माणूस शोधा. तुमच्या गॅरेजात नसेल तर लेथवाल्याकडे चुंबकाच्या स्टँडसकट असतोच, आणि एमआयडीसीत तर टूलरूमच्या पोराच्याही ड्रॉवरमध्ये सापडतो. पद्धत अशी. चाक काढायचं. डिस्क हबवर नुसती सरकवून बसणारी असेल तर चाकाचे नट वॉशर घालून उलटसुलट क्रमानं आवळायचे, म्हणजे ती चाक असताना बसते तशीच बसेल. आधी हब पुढे-मागे हलवून बेअरिंगमध्ये खेळ नाही ना ते बघायचं. खेळ असेल तर आधी तो काढायचा, नाहीतर डायल खोटं बोलेल. मग स्टँड नकलवर (हब ज्यावर फिरतो त्या न फिरणाऱ्या लोखंडी भागावर) चिकटवायचा, सुईचं टोक डिस्कच्या कडेपासून बोटभर आत टेकवायचं, डायल शून्यावर आणायचा आणि डिस्क हातानं सावकाश फिरवायची. एका फेरीत सुई एकूण किती सरकली तो तुमचा हेलकावा. नेमकी मर्यादा तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलात मिळेल. ०.०५ च्या आत असेल तर मी खूश, ०.१० च्या पुढे गेला तर ती डिस्क तशी बसवून देणार नाही.

सुई जिथे सगळ्यात बाहेर आली तिथे डिस्कवर आणि शेजारच्या स्टडवर खडूची खूण करा. मग डिस्क काढून दोन स्टड पुढे फिरवून बसवा आणि पुन्हा मोजा. उंच जागा डिस्कवरच्या खुणेबरोबर सरकली तर दोष डिस्कचा. उंच जागा त्याच स्टडपाशी राहिली तर दोष हबचा. मग सोन्याची डिस्क आणून बसवली तरी ती मरणारच. मला वाटतं तुमच्या दोन जोड्यांपैकी एकीसाठी जरी कुणी ही दहा मिनिटं दिली असती तर हे पत्र आलं नसतं. काही पिकअपमध्ये डिस्क हबच्या मागून बोल्टनं आवळलेली असते. तिथे हबच उतरवावा लागतो, बेअरिंगचं ग्रीस आणि सील नवं घालावं लागतं. काम वाढतं म्हणून मिस्त्री टाळतो. मजुरी आधीच ठरवा आणि करवून घ्या.

हब स्वच्छ करणं म्हणजे वायर ब्रश आणि बारीक पॉलिश पेपर, चकाकी येईपर्यंत, स्टडच्या मुळाशीसुद्धा. ग्राइंडर लावू देऊ नका, त्यानं तोंडच उंचसखल होतं. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते ब्रेक क्लीनरनं दोन्ही बाजूंनी पुसून काढायचं.

याच जागेचा दुसरा गुन्हेगार टायरवाला. पंक्चर काढलं की हवेच्या बंदुकीनं टर्र-टर्र करून नट आवळतो, एकाच ओळीत, एक नट मरेस्तोवर आणि शेजारचा निम्मा. सारख्या न आवळलेल्या नटांनी हब आणि डिस्क एका बाजूला खेचली जाते, आणि वर सांगितलेला हेलकावा चांगल्या डिस्कमध्येही येतो. नट समोरासमोर, दोन टप्प्यांत, हाताच्या पान्यानं. शेवटचा आवळा टॉर्क पान्यानं, गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या आकड्यावर. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बघायचे. टायरवाला हसेल. हसू द्या.

जागेचं झालं. आता काम.

तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही काळजीचं उदाहरण म्हणून लिहिलंय, आणि माझा सगळ्यात मोठा संशय त्याच्यावर आहे: 'मागे एकेक पाटा वाढवून घेतला.' पाटा वाढला दोन वर्षांपूर्वी, डिस्क बिघडायला लागल्या सव्वा वर्षापूर्वी. त्याआधी ही गाडी दहाएक वर्षं चालली आणि डिस्कची तक्रार तुम्ही लिहिलेली नाही.

गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलजवळ, चेसिसला लावलेला एक व्हॉल्व्ह असतो. त्यातून एक रॉड किंवा स्प्रिंग निघून अ‍ॅक्सलला जोडलेली असते. याला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह म्हणतात; गॅरेजात नुसतं 'एलएसपीव्ही'. तो गाडीचं वजन काट्यावर करत नाही, चेसिस अ‍ॅक्सलच्या किती जवळ आली एवढंच बघतो. रिकाम्या गाडीत चेसिस उंच असते, तेव्हा तो मागच्या ब्रेकला कमी दाब देतो, कारण मागे वजन नसताना जास्त ब्रेक लागला तर मागची चाकं घसरतील. माल भरला की पाटे दबतात, चेसिस खाली येते, रॉड वर ढकलला जातो आणि व्हॉल्व्ह मागे भरपूर दाब सोडतो. साधी, हुशार गोष्ट आहे.

आता यात एक पाटा वाढवा. दीड टन टोमॅटो भरले तरी गाडी 'बसत नाही'. तुम्हाला बरं वाटतं, पण व्हॉल्व्हला वाटतं की गाडी रिकामीच आहे! तो मागच्या ब्रेकचा दाब रिकाम्या गाडीसारखा कापतच राहतो. दीड टन ज्या चाकांवर बसलाय ती चाकं घाटात अर्धवट ब्रेक लावतात आणि उरलेला सगळा भार पुढच्या दोन डिस्कवर येतो. पुढची डिस्क त्या कामासाठी बनवलेली नाही. ती तापते, पॅडचा माल वितळल्यासारखा होऊन तिच्यावर ठिकठिकाणी चिकटतो, आणि तोही जाडीतलाच फरक.

माझ्याकडे द्राक्षाच्या हंगामात एक गाडी आली होती, तक्रार हुबेहूब हीच. पुढच्या डिस्कवर निळे-जांभळे पट्टे पडलेले, मागच्या ड्रममधले लायनर (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) जवळजवळ कोरे. ड्रायव्हरला अभिमान, की मागचे लायनर तीन वर्षं बदलावे लागले नाहीत. मी खाली सरकलो तर व्हॉल्व्हचा रॉड अ‍ॅक्सलपासून निखळलेला, आणि लोंबकळून वाजू नये म्हणून कुणीतरी बांधायच्या तारेनं खालच्या जागीच बांधून ठेवलेला, म्हणजे व्हॉल्व्हच्या लेखी गाडी कायम रिकामी. तार नवी होती, चांगली पिळ घालून बांधली होती. बांधणाऱ्यानं मनापासून काम केलं होतं!

तुमच्या गाडीचा रॉड जागेवर असेलही. मग तो हातानं हलतो का, सांध्यात गंज धरून जाम आहे का ते बघा. आणि मागचे ब्रेक काम करतात की नाही हे कळायला एक सोपी युक्ती आहे. माल भरलेली गाडी सपाट रस्त्यावर दहा किलोमीटर चालवा, मध्ये आठ-दहा वेळा नेहमीसारखा ब्रेक लावा, मग ब्रेक न दाबता गाडी आपोआप मंद होऊ देऊन थांबवा आणि चारही चाकांचं तापमान मोजा. गॅरेजात मिळते ती तापमान मोजायची बंदूक वापरा. कोरोनात कपाळावर धरायचे ती चालणार नाही, तिची धाव माणसाच्या तापाइतकीच. बंदूक नसेल तर तळहात रिमजवळ धरा. डिस्कला बोट लावू नका, कातडी तिथेच राहील. पुढची दोन्ही रसरसलेली आणि मागची दोन्ही जेमतेम कोमट, तर उत्तर मिळालं. पुढचं एकच चाक जास्त तापलं तर त्याचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारी पकड) अडकलाय: सरकणाऱ्या पिना सुकल्यात, पिस्टन गंजलाय किंवा रबरी होज आतून फुगलाय. मागे एकच चाक गार असेल तर त्याचा व्हील सिलिंडर जाम किंवा लायनरवर अ‍ॅक्सलचं तेल उतरलंय.

पाटा काढा असं मी सांगितलं की लोक नाराज होतात. पण तुमचा माल ७०-७५ क्रेट, वीस किलोनं दीड टन. हे तुमच्या आरसीवरच्या वजनात बसत असेल तर कंपनीचे पाटे पुरेसे आहेत. ते बसत असतील तर थकलेत, त्यांचा संच बदला, संख्या वाढवू नका. जास्तीचा पाटा काढला, की व्हॉल्व्हचा रॉड मॅन्युअलात दिलेल्या मापावर लावून घ्यायचा. हे काम ज्याच्याकडे ब्रेकच्या पाइपला लावायचा प्रेशर गेज आहे त्याच्याकडूनच. अंदाजानं रॉड उचलून 'मागे ब्रेक वाढवून देतो' म्हणणारा भेटला तर हात जोडून निघा. तसं केल्यावर पावसात रिकाम्या गाडीचं ढुंगण पुढे येतं.

घाटाचं गणित पण एकदा डोळ्यासमोर आणा. इगतपुरीहून कसाऱ्याला तुम्ही साधारण तीनशे मीटर उभे खाली येता. गाडी मालासकट तीन टन धरली तर एवढ्या उतारात जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, ती पंचवीस-सव्वीस लिटर थंड पाण्याला उकळी आणेल. म्हणजे दोन कळशा पाणी. काही इंजिन खातं, काही वारा खातो, बाकीची ब्रेकमध्ये जाते. तुम्ही तिसऱ्या गिअरला उतरलात तर इंजिन मोठा वाटा उचलतं. चौथ्या-पाचव्याला ब्रेकवर पाय ठेवून उतरलात, किंवा डिझेल वाचवायला न्यूट्रलला सोडलीत, तर सगळं पाणी डिस्कवर उकळायचं. ज्या गिअरला घाट चढायचा त्याच गिअरला उतरायचा, हे जुन्या ट्रकवाल्यांचं म्हणणं अजूनही खरं आहे. ब्रेकवर पाय घासत ठेवायचा नाही: एकदा नीट दाबून स्पीड उतरवायचा, सोडायचा, डिस्कला वारा लागू द्यायचा. इंजिन तर कधीच बंद करू नका. ब्रेकचा बूस्टर ज्या व्हॅक्यूमवर चालतो ते इंजिनवरच तयार होतं. इंजिन बंद झालं की दोन-तीन दाबांत पेडल दगड होतं.

आणि ते चहाच्या थांब्यावरचं पाणी बंद. आजपासून. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की बाहेरचा भाग आखडतो. कॅलिपरच्या मिठीत असलेला तेवढाच तुकडा गरम राहतो. त्यात डिस्क खरोखर वाकडी होऊ शकते, बारीक तडाही जातात. घाट उतरल्यावर लगेच थांबायचं नाही, तीन-चार किलोमीटर ब्रेक न लावता आरामात चालवायची, वाराच तिला गार करतो. थांबल्यावर ब्रेक दाबून बसायचं नाही, कारण पॅड तापलेल्या डिस्कला एकाच जागी चिकटून आपला छाप सोडतो. सपाटीवर गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, हँडब्रेकही तेवढा वेळ नको.

ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते पत्रात नाही, म्हणजे बहुधा बदललेलं नाही. ते हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ३ प्रतीचं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शिरलेल्या डॉट ३ साठी हीच मर्यादा १४० वर येते. पुढच्या डिस्क तुमच्याइतक्या तापत असतील तर एक दिवस पेडल फळीपर्यंत जाईल. दोन वर्षांनी एकदा सगळं ऑइल काढून नवं भरायचं, झाकणावर लिहिलेल्या प्रतीचं.

तिसरे मिस्त्री अगदीच चुकीचे नाहीत, हेही लिहायला हवं. डिस्कची थरथर छोटी असते, ढिले सांधे ती मोठी करतात. पुढचं चाक उचला, खाली स्टँड लावा, नुसत्या जॅकवर कधीच नाही. बारा आणि सहावर धरून हलवा: खेळ आला तर बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा किंग पिन. तीन आणि नऊवर धरून हलवा: खेळ आला तर टाय रॉड एंड. खालच्या आर्मचे बुश (सांध्यातले रबर) टॉमीनं उचकून बघा; ते फाटले असले तर ब्रेक लावताच चाक मागे सरकतं आणि थरथर दुप्पट होते. एंड आणि बुश हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. ढिले असतील तर बदला. बॉक्सचा खेळ मात्र चाकं जमिनीवर असताना बघायचा, एकानं स्टिअरिंग थोडंथोडं हलवायचं आणि दुसऱ्यानं खाली बघायचं. आणि बॉक्सवरचा स्क्रू आवळून 'टाइट करून देतो' म्हणणाऱ्याला नाही म्हणा. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ यायचं थांबतं.

सध्याच्या डिस्क फेकू नका. मायक्रोमीटरनं आठ ठिकाणी जाडी मोजा. डिस्कवर किमान जाडीचा आकडा ओतलेला असतो. लेथवर साफ केल्यानंतरही त्याच्या वर राहणार असेल तर दोन्ही डिस्क लेथला द्या. लेथवाला ती कशी पकडतो ते बघा, चकमध्ये तिरकी धरली तर तो तिरकेपणच कापून देईल. लेथनंतर पुन्हा गाडीवर डायल. पॅड नवे, दोन्ही चाकांना एकाच कंपनीचे. मग मोकळ्या रस्त्यावर पन्नासवरून वीसवर असे वीस-पंचवीस मध्यम ब्रेक, पूर्ण न थांबता, मध्ये गार व्हायला वेळ देत. पॅडचा थर डिस्कवर सारखा बसतो. पहिल्याच दिवशी टोमॅटो भरून कसारा उतरलात तर तो सारखा बसणार नाही.

गाडी विकायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, पण या थरथरीपायी नको. मागचे ब्रेक चालतात की नाही हे कळेपर्यंत मात्र भरलेली गाडी घाटात नेऊ नका. दोन खेपा भाड्याच्या गाडीनं पाठवा. पेडल खोल जायला लागलं, गाडी एका बाजूला ओढायला लागली किंवा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, तर सपाटीवरही नको.

मोजणी झाली की मला चार आकडे लिहून पाठवा: डाव्या आणि उजव्या डिस्कचा हेलकावा, आणि भरल्या गाडीत पुढच्या-मागच्या चाकांचं तापमान. आणि जास्तीचा पाटा उतरवताना व्हॉल्व्हच्या रॉडचा मोबाइलवर एक फोटो काढा, काढण्याआधीचा.